बर्फाच्या गावची वळचण

दिवाळीच्या पहाटे अंगाला तेल चोळून पाटावर बसले की जो काटा अंगावर उभा राहतो, तीच आम्हा समुद्रकाठच्या लोकांची थंडी. ऊन पाण्याचा पहिला तांब्या डोक्यावर पडला की तीही पळून जाते. रत्नागिरीस किंवा मालवणास जन्मलेल्या माणसाला बर्फ ठाऊक असते ते मासळीच्या पेटीतले, नाहीतर सरबताच्या पेल्यातले. शिवाय शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी घोकून घेतलेले असते, की समुद्राच्या सान्निध्यामुळे किनाऱ्याची हवा सम राहते. फार ऊन नाही, फार थंडी नाही. तेव्हा 'समुद्रकाठचे बर्फाळ गाव' असे कोणी म्हटले, तर आपल्याला ते 'वाळवंटातली होडी' म्हटल्यासारखे वाटावे यात नवल नाही.

परंतु मास्तरांचा हा नियम जेथे सपशेल उलटा पडतो, असा एक किनारा आपल्या आशिया खंडातच आहे. तेथे समुद्र आहे म्हणूनच बर्फ पडते. जपानच्या होन्शू या मोठ्या बेटाचा तो पश्चिम किनारा. त्याला जपानी लोक थोड्या कौतुकाने आणि थोड्या धास्तीने 'युकिगुनी' म्हणतात. म्हणजे बर्फाचा मुलूख. या मुलखातल्या ताकादा नावाच्या एका जुन्या गावाची, आणि त्या गावाने बर्फाशी चारशे वर्षे केलेल्या व्यवहाराची हकीकत आज वाचकांना सांगायची आहे.

प्रथम नकाशा पाहू. ताकादा ३७ अक्षांशावर आहे आणि आपले श्रीनगर ३४ वर. म्हणजे गाव काही उत्तर ध्रुवाच्या शेजारचे नव्हे. नाओएत्सु बंदरापासून ते जेमतेम दीड-दोन कोसांवर, सपाट भातशेतीच्या प्रदेशात वसले आहे. पश्चिमेला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी आणि पाठीशी उंच डोंगरांची रांग. हे वर्णन वाचून कोकणातल्या माणसाला आपल्याच घराची आठवण व्हावी. आणि ती होणे योग्यच आहे, कारण दोन्हीकडचे यंत्र एकच आहे. आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून पाणी पिऊन येतो आणि सह्याद्रीला धडकून कोकणावर रिता होतो. तेथे हाच खेळ हिवाळ्यात चालतो. सायबेरियाच्या गोठलेल्या मैदानावरून उणे वीस-तीस अंशांचा कोरडा वारा निघतो. वाटेत त्याला जपानचा समुद्र लागतो. या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही तो गोठत नाही. थंडगार वारा त्या कोमट पाण्यावरून गेला की पाणी हंड्यावर वाफ धरावी तसे वाफाळते. ती वाफ घेऊन वारा डोंगराला भिडतो, वर चढतो, आणि सारे ओझे बर्फाच्या रूपाने किनाऱ्यावर टाकतो. डोंगर ओलांडून तो टोकियोच्या बाजूला उतरतो तेव्हा त्याच्याजवळ काही उरलेले नसते. म्हणून एकाच दिवशी इकडे घरे बर्फात बुडालेली असतात, आणि तिकडे टोकियोत स्वच्छ ऊन पडलेले असते. आषाढातले कोकण आणि आषाढातला माणदेश डोळ्यांसमोर आणा, म्हणजे सारे ध्यानात येईल.

हे बर्फ पडते तरी किती? ताकादा येथे २६ फेब्रुवारी १९४५ या दिवशी जमिनीवर साचलेले बर्फ मोजले, ते ३७७ सेंटिमीटर भरले. म्हणजे साडेबारा फुटांच्या आसपास. दोन माणसे एकावर एक उभी केली तरी वरच्याचे डोके बाहेर येणार नाही. महायुद्धाचे ते अखेरचे वर्ष. कर्ती माणसे रणांगणावर, आणि छपरावरचे बर्फ ओढायला घरात उरलेल्या बायका, मुले आणि म्हातारे. ताजे बर्फ कापसासारखे दिसते खरे, पण दाबून बसले की एका घनमीटरला तीनशे किलो आणि त्याहूनही अधिक भरते. ते वेळेवर उतरवले नाही तर लाकडी घर मोडून पडते. या गावाविषयी जुनी आख्यायिका आहे, की एकदा बर्फात सारे गाव इतके गडप झाले, की वाटसरूंना कळावे म्हणून वर पाटी रोवावी लागली : 'याच्या खाली ताकादा आहे.' आख्यायिकेत मीठमिरची असायचीच. परंतु वरचे आकडे पाहिले म्हणजे मीठ फार पडले असे वाटत नाही.

असल्या ठिकाणी गाव वसवण्याची बुद्धी कोणाला झाली? तोकुगावा इएयासू या सत्ताधीशाच्या सहाव्या मुलासाठी, तादातेरू याच्यासाठी, १६१४ साली येथे किल्ला बांधला गेला. उत्तरेकडच्या सरदारांवर नजर ठेवायची आणि सादो बेटावरच्या सोन्याच्या वाटेवर ठाणे राखायचे, असा त्यातला मतलब. बांधणाऱ्यांनी राजकारण पाहिले. बर्फाची व्यवस्था प्रजेकडे सोडली. तादातेरू दोन वर्षांतच पदच्युत झाला. प्रजा मात्र राहिली आणि बर्फही राहिले.

१६६६ च्या फेब्रुवारीच्या आरंभी या गावाला धरणीकंपाचा तडाखा बसला. जमिनीवर दोन पुरुषांहून उंच बर्फ साचलेले होते. घरे पडली, चुलींतल्या विस्तवाने आगी लागल्या, आणि पळायला वाट नव्हती, कारण प्रत्येक दाराबाहेर बर्फाची भिंत होती. दीडएक हजार माणसे त्या रात्री गेली. वर आग आणि चहूकडे बर्फ, अशी ती विलक्षण कोंडी होती. थंडीने मरण येते हे आपण ऐकलेले असते. पण बर्फ माणसाला मारते ते बहुधा वाट अडवून. शेजाऱ्याची हाक ऐकू येते आणि त्याच्यापर्यंत जाता येत नाही, हे बर्फाच्या मुलखातले खरे भय.

या भयाला ताकादाच्या माणसांनी जे उत्तर दिले त्याचे नाव 'गान्गी'. धरणीकंपानंतर गाव पुन्हा उभे राहिले त्या काळात ही पद्धत येथे चांगलीच रुळली, असे सांगतात. गान्गी म्हणजे काय? आपल्या शब्दांत सांगायचे तर पडवी किंवा वळचण. रस्त्याकडेच्या प्रत्येक घराने आपले छप्पर पुढे सहाएक फूट वाढवायचे, त्याला खांब द्यायचे, आणि त्याखालची जागा येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायची. शेजाऱ्यानेही तसेच करायचे, त्याच्या शेजाऱ्यानेही. अशी पडवीला पडवी जोडत गेली की गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक झाकलेली वाट तयार होते. रस्त्यावर कितीही बर्फ साचो. खालून माणसे वाण्याकडे जातात, मुले शाळेला जातात, सुईण बाळंतिणीकडे पोचते.

यात मौजेची गोष्ट अशी की ही वाट सरकारची नव्हे. ती जमीन त्या त्या घरमालकाची खाजगी. छपराचा खर्च त्याचा, दुरुस्ती त्याची, आणि चालणारा मात्र कोणीही. आपल्या जागेतली सहा फुटांची पट्टी प्रत्येकाने गावाला दिली, आणि मोबदल्यात त्याला सारे गाव चालायला मिळाले. एकाने जरी 'माझी जागा मी का देऊ?' म्हणून आपला तुकडा बंद केला, तरी वाट तेथेच तुटेल आणि त्या हट्टी माणसासकट सगळे अडकतील. हिशेब साधा आहे. पण चाळीतल्या जिन्यावरून आणि बांधावरच्या वितीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या मंडळींना तो किती अवघड आहे हे मी सांगायला नको!

रस्त्याच्या दोन बाजूंच्या गान्गी एकमेकींशी कशा जोडायच्या? छपरावरचे बर्फ उतरवले की ते रस्त्यातच टाकावे लागे. मग रस्त्याचाच डोंगर होई आणि समोरचे घर दिसेनासे होई. त्यावर उपाय म्हणून त्या डोंगरातून बोगदे खणीत. वाकून, रांगत, या दारातून त्या दारात जायचे. या बोगद्यांना जे नाव होते त्याचा अर्थ 'गर्भातून सरपटणे' असा होतो.

ही सारी हकीकत आपल्याला कळते ती मुख्यत्वे एका व्यापाऱ्यामुळे. सुझुकी बोकुशी हे त्याचे नाव. जन्म १७७०, मृत्यू १८४२. त्याच एचिगो प्रांतात, पण डोंगराकडच्या शिओझावा गावी तो कापडाचा आणि गहाणवटीचा धंदा करी. ऐन तारुण्यात तो कापड विकायला एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेला. तेथे त्याच्या ध्यानात आले, की डोंगरापलीकडच्या या लोकांना आपल्या बर्फाची कल्पनाच नाही. त्यांच्या लेखी बर्फ म्हणजे बागेत बसून पाहायची शोभा. दोन बोटे पडले की कविता करायची आणि मद्याचे पेले भरायचे. बोकुशीने ठरवले की यांना खरे बर्फ दाखवायचे. त्याने टिपणे काढली, चित्रे काढली आणि राजधानीतल्या नामांकित लेखकांना पत्रांमागून पत्रे धाडली. कोणी होकार देऊन विसरले, कोणी हस्तलिखित ठेवून घेतले, कोणी मधेच वारले. सुमारे चाळीस वर्षांच्या खटपटीनंतर १८३७ साली 'होकुएत्सु सेप्पु' या नावाने त्याचा ग्रंथ छापून निघाला. तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. वाचकांनी ग्रंथ डोक्यावर घेतला. आजही बर्फाच्या मुलखाचा तो आद्य ग्रंथ समजला जातो.

बोकुशी सांगतो, आमच्याकडे बर्फ 'झाडणे' असे कोणी म्हणत नाही, बर्फ 'खणणे' असे म्हणतात. एका क्रियापदात त्याने दोन मुलखांतला फरक दाखवून दिला आहे. त्याने तानसलेली एक हकीकत अशी : एक तरुण जोडपे तान्ह्या बाळाला घेऊन बायकोच्या माहेरी निघाले. निघताना आकाश निरभ्र होते. वाटेत एकाएकी हिमवादळ उठले. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना ती दोघे एकमेकांना बिलगलेली, गोठून मेलेली आढळली. आणि आईच्या कुशीतून रडण्याचा आवाज आला. बाळ जिवंत होते. मरतामरता तिने आपल्या वस्त्राची आणि देहाची जी वळचण केली होती, तिच्याखाली ते रात्रभर राहिले. माहेरी नातवंड दाखवायला निघालेल्या लेकीची ही गोष्ट दोनशे वर्षांनंतरही वाचवत नाही.

परंतु बर्फाने या लोकांना दिले काहीच नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. बोकुशी जे कापड विकी ते 'चिजिमी' रेमी नावाच्या वनस्पतीच्या धाग्यांचे असे. हा धागा कोरड्या हवेत तुटतो; बर्फाने दमट झालेल्या हवेत तो टिकतो. म्हणून गावच्या बायका हिवाळाभर कोंडलेल्या घरांत मागावर बसत, आणि हिवाळा सरत आला की विणलेले कापड उन्हात बर्फावर अंथरून शुभ्र करीत. उन्हाळ्यात अंगाला गार लागणारे, सरदारांच्या पसंतीचे हे वस्त्र अशा रीतीने बर्फातच जन्मे. ही कला अजून जिवंत आहे. २००९ साली युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक ठेव्यात तिची नोंद केली. शिवाय वसंतात वितळणारे बर्फ भातखाचरांना पाणी देते, आणि एचिगोचा तांदूळ जपानात नावाजलेला आहे.

आणि समुद्र? हिवाळ्यात तो खवळे. उत्तरेच्या होक्काइदो बेटापासून ओसाकापर्यंत व्यापार करणारी गलबते वर्षाकाठी एकच फेरी करीत. हिवाळ्यापूर्वी ती ओसाकाकडच्या नदीमुखांत नांगरून ठेवायची आणि खलाशांनी पायी घर गाठायचे. आपल्याकडे आषाढात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून पुन्हा पाण्यात घालतात, तोच हा संयम. या किनाऱ्यावर हिवाळ्यात ढगही गडगडतात. आपल्याला बर्फ आणि मेघगर्जना यांची जोडी चमत्कारिक वाटेल. पण तेथला कोळी तो गडगडाट ऐकून खूष होतो. 'बुरी' नावाचा चरबीदार मासा तेव्हा किनाऱ्याला येतो, म्हणून त्या गर्जनेला 'बुरीला उठवणारी' असेच नाव आहे. आपला कोळी पहिल्या गडगडाटाला होडी वर ओढतो, तो जाळे सावरतो, एवढाच फरक.

पुढे आगगाडी आली. आता बर्फ हरले, असे लोकांना वाटले. नाओएत्सुच्या पश्चिमेला किनाऱ्यावर 'ओयाशिराझू' नावाची जागा आहे. तेथे कडे थेट समुद्रात उतरतात. पूर्वी वाटसरू दोन लाटांच्या मधल्या क्षणात कड्याखालून धावत जात. त्या धांदलीत आईबापाला लेकराकडे पाहायची सवड नसे, म्हणून हे नाव, अशी समजूत आहे. या कड्यांच्या पोटातून रूळ टाकले गेले. १९२२ च्या फेब्रुवारीत रुळांवर बर्फाचे कडे कोसळू लागले, तेव्हा आसपासच्या गावांतली माणसे फावडी घेऊन ते उपसायला गेली. पाऊस लागला, बर्फ सैल झाले, काम थांबवावे लागले. ३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ही माणसे गाडीने घरी परत निघाली, आणि गाडीवरच हिमकडा कोसळला. ९० माणसे गेली. सगळ्यांची वाट मोकळी करायला निघालेल्यांचीच वाट बर्फाने अडवली.

तरी माणूस हरला नाही. १९११ च्या जानेवारीत थेओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने ताकादाच्या सैनिकांना पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवले. जपानातल्या स्कीइंगचा हा आरंभ समजतात. नागाओका शहरात १९६१ साली रस्त्यांच्या मधोमध नळ टाकून जमिनीतले कोमट पाणी उडवायला आणि बर्फ वितळवायला सुरुवात झाली. युक्ती नामी, पण पाणी इतके उपसले गेले, की पुढे ठिकठिकाणी जमीन खचू लागली. १९६३ च्या जानेवारीत तर बर्फाने कहर केला. नीगाताहून २३ तारखेला टोकियोकडे निघालेली एक जलद गाडी २८ तारखेच्या सकाळी पोचली. त्या हिवाळ्यात देशभरात २३१ माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. १९८२ साली धावू लागलेल्या नव्या वेगवान गाडीच्या रुळांवर मात्र पाण्याचे फवारे बसवले आहेत. ती बर्फाला दाद देत नाही.

याच प्रांताने काकुएइ तानाका हा पंतप्रधान दिला. १९७२ साली तो त्या पदावर चढला. पण १९४६ च्या निवडणुकीत हरलेला हा तरुण उमेदवार तेव्हा सभेत सांगे, की मिकुनी घाटाचा डोंगरच सुरुंगाने उडवून देऊ, म्हणजे वारा सरळ टोकियोकडे जाईल आणि आमच्याकडे बर्फ पडणार नाही! सह्याद्री उडवून कोकणचा पाऊस थांबवण्याची ही तऱ्हा ऐकून श्रोते पोट धरून हसत असतील. पण त्या हसण्याखाली एक सल होता. आमच्या वाट्याला बर्फ आणि डोंगरापलीकडे ऊन, असे का?

आजचा प्रश्न निराळाच आहे. नळ आहेत, यंत्रे आहेत. माणसे उरली नाहीत. तरुण मुले शहराकडे गेली आणि छपरावर चढायला म्हातारी मागे राहिली. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानात बर्फापायी दीडशेवर माणसे मेली. त्यांतली बहुतेक वृद्ध होती आणि बर्फ उतरवतानाच गेली. कोकणातल्या बंद घरांची कुलपे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. ताकादाही आता स्वतंत्र गाव राहिलेले नाही. १९७१ साली ते नाओएत्सुशी जोडून जोएत्सु नावाचे शहर झाले. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेथल्या साऱ्या गान्गींची लांबी सुमारे १६ किलोमीटर भरत असे. जपानात एवढी दुसरीकडे कोठेही नाही. पण घरे ओस पडतात, मोडतात, त्यांच्या जागी मोटारी उभ्या राहतात, आणि म्हाताऱ्या माणसाच्या बत्तिशीसारखी त्या ओळीत खिंडारे पडतात. वाट मजबूत राहते ती सगळे तुकडे असतील तेव्हाच.

तरीसुद्धा ती बुद्धी मेली आहे असे मला वाटत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर फुकुइ प्रांतात हमरस्त्यावर सुमारे दीड हजार मोटारी बर्फात अडकून पडल्या, त्या दोन-तीन दिवस हलल्या नाहीत. तेव्हा रस्त्याकडेच्या एका खाणावळीने अडकलेल्या चालकांना फुकट जेवू घातले. पैसे कोण देणार, हे कोणी विचारले नाही. चारशे वर्षांपूर्वी सहा फूट जमीन सोडणाऱ्याने तरी कोठे विचारले होते?

कानाझावाच्या प्रसिद्ध केन्रोकुएन बागेत दर वर्षी १ नोव्हेंबरपासून, म्हणजे आपल्या दिवाळीच्याच सुमारास, माळी उंच खांब रोवून जुन्या पाइन वृक्षांच्या फांद्यांना दोऱ्यांचे आधार बांधू लागतात. बर्फ अजून पडलेले नसते; पण ते पडणार हे ठाऊक असते, आणि झाड सगळ्यांचे असते. आपण पणत्या लावतो त्याच दिवसांत तिकडे ही तयारी चाललेली असते. पावसाळ्यात छत्री विसरून अनोळखी घराच्या वळचणीला आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलेलो आहोत. ती वळचण कोणीतरी आपल्या जागेतून, आपल्या खर्चाने पुढे वाढवलेली असते. यंदा उंबरठ्यावर पणती ठेवताना ती थोडी बाहेरच्या बाजूला, वाटेवरच्या माणसाला दिसेल अशी ठेवावी, एवढेच या बर्फाच्या गावाकडून घेण्यासारखे आहे.